पाण्याखालचा पांढरा पडदा

दूध उतू जायच्या बेतात होतं, वॉशिंग मशीन शेवटचे गचके देत होतं आणि आमचे हे एका मोज्याचा जोडीदार शोधत पलंगाखाली आडवे झाले होते, तेवढ्यात दारावर टकटक झाली. बेल असताना दार ठोठावणारा माणूस आमच्या ओळखीत एकच आहे. बेल वाजली की माणूस दचकतो आणि दचकलेला चेहरा चांगला येत नाही, असं त्याचं म्हणणं.

"हनुवटी आलेली दिसतेय," सासूबाई पेपरातून मान वर न करता म्हणाल्या.

तीस वर्षं पासपोर्ट फोटो काढता काढता "हनुवटी किंचित खाली" हे वाक्य शेजारच्या फोटोवाल्या भाऊजींनी इतक्या वेळा म्हटलंय की गल्लीने त्यांचं नावच ते ठेवलं. आमच्या घरातल्या सगळ्या ओळखपत्रांवर आम्ही नुकतीच वाईट बातमी ऐकल्यासारखे दिसतो, ती त्यांचीच कृपा.

दार उघडलं. भाऊजींच्या बगलेत पांढऱ्या कापडाचं गाठोडं होतं.

"पडदा कुठे उसवला?" मी विचारलं.

"उसवला नाही, वहिनी. अर्धा कप चहा असेल तर घेतो."

ताकाला जाऊन भांडं लपवायची त्यांची सवय मला माहीत आहे. मी गॅसवर आधण ठेवलं. ते खुर्चीत बसले, पाठ ताठ, दोन्ही कान समोरून दिसतील असे.

स्टुडिओ त्यांच्या वडिलांचा. एक फिरतं स्टूल, एक आरसा, आरशाशी दोरीने बांधलेला कंगवा आणि मागे पांढरा पडदा. लोक मोबाइलवरच फोटो काढायला लागले तसं स्टूल रिकामं फिरू लागलं. तेव्हा त्यांचा मेहुणा मदतीला आला. त्याला सगळे पाणबुड्या म्हणतात. दर रविवारी तो पर्यटकांना डोंगरावरून दीड तास चालवत पलीकडच्या छोट्या किनाऱ्यावर नेतो आणि पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्राचा तळ दाखवून आणतो. "दाजी, कॅमेरा तुम्हाला येतो, पोहायला मी शिकवतो," तो म्हणाला. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी भाऊजी तलावात उतरले. त्यांची बायको काठावर त्यांचा चष्मा हातात धरून पंधरा दिवस उभी होती. पण शिकले! टाकी, मुखवटा, कॅमेऱ्याची पाणबंद पेटी, सगळं शिकले.

फक्त स्टुडिओ काही अंगातून गेला नाही. डोंगर चढताना दम खायला बसलेल्या माणसांना ते उंचीप्रमाणे बसवत. पाण्याखाली कंबरेला कंगवा बांधून जात आणि तरंगणारे केस खाली बसवायला बघत. एकदा तर त्यांनी एका बाईंना खुणेने श्वास रोखायला सांगितलं, कारण बुडबुडे चेहऱ्यावर येत होते. पाणबुड्याने त्यांना दंड धरून वर काढलं. "दाजी, पाण्याखालचा पहिला नियम, श्वास रोखायचा नाही! जीव जाईल माणसाचा!"

"मी तीनच सेकंद सांगितलं होतं," भाऊजी म्हणाले होते.

मग पडद्याची कल्पना निघाली. "वहिनी, मासे सारखे मध्ये मध्ये येतात हो. चेहऱ्यावरचं लक्ष उडतं." आणि मी, शिकलीसवरलेली बाई, दोन डबल चादरी जोडून त्यांना पडदा शिवून दिला. खाली शिशाची वजनं ठेवायला खिसे, वर फुगे बांधायला नाड्या. शिवताना एकदाही डोक्यात आलं नाही की माणसं समुद्रात मासे बघायलाच उतरतात. शिवण मात्र पक्की घातली, दुहेरी.

वर्षभर फोटो असे आले की जणू धोब्याकडे काढलेत. एका गिऱ्हाइकाने विचारलंही, "हा समुद्र आहे की तुमच्या घरची बादली?" पाणबुड्या सांगून सांगून थकला. पालथ्या घड्यावर पाणी. त्यात हा घडा समुद्राच्या तळाशी.

मी चहा पुढे ठेवला. भाऊजींनी कपाचा कान उजवीकडे करून घेतला.

"मेहुण्याने शेवटचं सांगितलंय," ते म्हणाले. "येत्या रविवारी वीस जण आहेत. एकाही फोटोत पडदा दिसला, तर कॅमेरा दुसऱ्या फोटोवाल्याकडे. स्टुडिओ तर गेलाच आहे, वहिनी. हेही गेलं की मी काय करू? घरी बसून हिला हनुवटी खाली करायला सांगू?"

"सांगून बघ," सासूबाई म्हणाल्या. "लाटणं वर येईल."

"मग पडदा नेऊ नका. त्यात काय एवढं!" मी म्हटलं.

त्यांनी खिशातून एक फोटो काढून टेबलावर ठेवला. "गेल्या रविवारचा. प्रवाह आला आणि पडदा उडाला. शिडासारखा फुगला हो! जाऊन गुंडाळला तो मेहुण्याभोवती. मी दचकलो आणि बोटाने बटण दाबलं गेलं."

फोटोत एक नवी नवरी होती. केस चारी दिशांना, मान वर, मुखवट्यामागे डोळे हसून हसून मिटलेले. तिच्याभोवती पिवळ्या माशांचा आख्खा थवा वळत होता, आणि कोपऱ्यात पांढऱ्या गाठोड्यातून पाणबुड्याचे दोन पाय बाहेर आलेले. पलंगाखालून निघालेले आमचे हेही मोजा हातात धरून बघत राहिले.

"किती छान आहे!" मी म्हणाले.

"हनुवटी वर आहे," भाऊजी हळूच म्हणाले. "कान दिसत नाहीत. डोळे मिटलेत. मी पुसून टाकणार होतो. तिने मोठा करून मागितला, भिंतीएवढा." त्यांनी फोटो टेबलाच्या कडेशी सरळ केला. "आणि खरं सांगू? चार दिवस झाले, मीसुद्धा रोज काढून बघतोय."

"झालं तर! आता असेच काढा."

"तिथेच तर घोडं अडलंय. पडदा घरात असला की रविवारी सकाळी हात आपोआप जातो. हिच्याकडे दोनदा लपवायला दिला. मी जरा तोंड पाडलं की काढून देते."

"फाडून टाक की मेल्या," सासूबाई म्हणाल्या.

"काकू, दुहेरी शिवण आहे. आणि वहिनींनी मनापासून शिवलाय."

त्यांनी चहा संपवला, कप बशीच्या बरोबर मधोमध ठेवला आणि गाठोडं माझ्या मांडीवर दिलं. पडद्याच्या खिशांतली शिशाची वजनंही काढली नव्हती.

"वहिनी, एवढंच काम करा. रविवार संपेपर्यंत हा तुमच्या कपाटात कुलपात ठेवा, आणि मी स्वतः मागायला आलो तरी देऊ नका."