एकेचाळिसावी ओळ

आमच्या शाळेच्या सभागृहात एक काळा लाकडी फळा आहे. इथून शिकून मोठी झालेली माणसं त्यावर पिवळ्या अक्षरांत ओळीनं उभी आहेत. न्यायाधीश, सर्जन, दोन कुलगुरू, एक वैमानिक. ही अक्षरं ज्याच्या हातची, तो पेंटरही याच शाळेचा. नववीत असताना त्याचे वडील गेले. घरात एकालाच पुढे शिकता येणार होतं आणि ताई हुशार होती. त्यानं दप्तर ठेवलं, ब्रश उचलला.

ताई गणितात शाळेत पहिली आली. पुढे गावाच्या पंपघरात लागली आणि एकतीस वर्षं पाणी सोडत राहिली. पुराच्या साली पाच दिवस ती पंपघराच्या माळ्यावर होती. खाली गुडघाभर गाळ, पण पाण्यात टाकायच्या औषधाचं माप तिनं एकदाही चुकवलं नाही. त्या साली शेजारच्या गावांत माणसं जुलाबानं दगावली. आमच्या गावात एकही नाही.

यंदा ती निवृत्त होणार. तिचं नाव फळ्यावर यावं, हा एकच ध्यास पेंटरनं घेतला. तो माजी विद्यार्थी संघाकडे गेला. संघाचे चिटणीस ताईच्याच वर्गातले, तिच्या वहीतली गणितं उतरवून पास झालेले. त्यांनी चहा मागवला.

"ताईंचं नाव घेतलं असतं हो, पेंटर. पण जागाच कुठंय? चाळीस ओळी, चाळीस नावं."

सरळ माणसाचं डोकं सरळच चालतं. पेंटरला वाटलं, हा तर मापाचा प्रश्न. चार दिवस तो शिडीवर होता. खालच्या आठ ओळी खरवडल्या, काळा हात दिला, खडूची दोरी ताणून नव्या रेघा मारल्या, अक्षरं केसभर बारीक केली. आठांच्या जागी नऊ ओळी बसल्या. शेवटची मोकळी.

चिटणीसांनी चष्मा वर करून पाहिलं. "वा! अध्यक्षांचे व्याही कधीचे मागे लागलेत. लागली त्यांची सोय."

"अहो, ती ओळ ताईची!"

"जागेचं आपलं म्हणायचं असतं, पेंटर. सर्जनच्या खाली नळ सोडणारी लिहायची? लोक हसतील."

"व्याही या शाळेत होते तरी का?"

"होते की. दोन वर्षं."

"कुठल्या इयत्तेत?"

"पाचवीत."

"दोन्ही वर्षं?"

"तुम्हाला काय करायचंय?"

पेंटरनं ब्रश रॉकेलात बुचकळला, फडक्याला पुसला. "मग ते नाव दुसऱ्याच्या हातून लिहून घ्या." चाळीस वर्षांत पहिल्यांदा तो काम अर्धं टाकून उतरला.

त्यांनी लिहून घेतलं. अक्षरं तिरकी आली, पण आली.

माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याच्या दिवशी पेंटर पंपघराच्या पायरीवर बसून धुमसत होता. आत ताई शाळेकडच्या नळाचं चाक फिरवत होती, नेहमीपेक्षा तासभर जास्त.

"त्यांच्यासाठी जास्तीचं पाणी? तुला काहीच कसं वाटत नाही?"

"वाटतं रे. वहीसुद्धा परत नव्हती केली मेल्यानं." चाकावरचा तिचा हात थांबला नाही. "पण तीनशे माणसं जेवायला आलीत. त्यांनी काय घोडं मारलंय?"

पायरीखालच्या पाइपातून पाणी शाळेकडे धावत होतं. आज, फक्त आजच, तिनं चाक उलटं फिरवावं असं त्याला फार वाटलं. तिनं आणखी एक फेरा दिला.