पुतळाबाई शाळेची लॅटिन ओळ

जयदेव भोईर मला पहिल्यांदा दिसले ते सिंधी वसाहतीच्या कॅम्प तीनमध्ये, जुन्या पुस्तकांच्या दुकानात. १९८८ साल, मी नुकतीच निवृत्त झाले होते. पांढरा लेंगा, खांद्यावर टॉवेल आणि हातात एक जाडजूड इंग्रजी पुस्तक. मी शिक्षिका असणार हे त्यांनी चष्म्यावरूनच ठरवलं.

“बाई, डाव्या बाजूला लॅटिन हाय, उजव्या बाजूला तिचा अर्थ हाय. पन अर्थ इंग्रजीत हाय. त्या अर्थाचा अर्थ सांगा.”

सांगितला, आणि फसले. महिनाभरात मी त्यांच्या शाळेची मुख्याध्यापिका होते.

भोईर शेजारच्या मोरिवली गावचे. भातशेती कारखान्यांत गेली, आणि मिळालेल्या पैशांतून त्यांनी आईच्या, पुतळाबाईंच्या, नावाने इंग्रजी शाळा काढायला घेतली. चार खोल्या, वर पत्रा. कंपन्यांतले कामगार पोरं घालायला तयार होते, पण म्हणत होते, आधी युनिफॉर्म बघू. कॉन्व्हेंटच्या प्रत्येक पोराच्या खिशावर बिल्ला असतो आणि बिल्ल्यावर लॅटिन ओळ, हे भोईरांनी फाटकाशी उभं राहून पाहिलं होतं.

“लॅटिन नाय तं पालक नाय, बाई.”

“मराठी ओळ घाला ना. सुंदर देते.”

“मंग ती मराठी शाला झाली!”

रोज संध्याकाळी ते पुस्तक घेऊन येत. ‘सत्य सगळ्यांवर मात करतं’ यावर ते हसले. “जमिनीची केस नऊ वर्सं चालू हाय, बाई.” ‘श्रम सगळं जिंकतात’ यावर म्हणाले, “मंग पोरां सरळ कंपनीत धाडतील.” ‘फियाट लक्स’, म्हणजे प्रकाश होवो, मला फार आवडलं होतं. ते त्यांच्या बायकोने, सखूने, निकालात काढलं. “एक गाडी नि एक साबन. शाला काढताव का दुकान?”

मी कंटाळून गेले. सहावारीच्या दुकानातही कुणी इतके नग उलगडायला लावत नाही. शेवटी एका संध्याकाळी मी वाचलं, ‘विन्किट क्वि पातितुर’. इंग्रजीत ‘ही कॉन्कर्स हू एन्ड्युअर्स’. जो सोसतो तो जिंकतो.

भोईरांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाले, “ही आयेची हाय.” पुतळाबाईंनी वैधव्यात डोक्यावर भाजीची पाटी घेऊन चार पोरं वाढवली होती.

मी सुटकेचा निःश्वास सोडला. तेव्हा कळलं की बिल्ले त्यांनी आधीच शिवायला टाकलेत. नमुना म्हणून कॉन्व्हेंटचा बिल्ला दिला. वर आमचं नाव, मध्ये भाताची लोंबी, “आनि खालच्या पट्टीवरचा मागून सांगतो,” असं शिवणाऱ्याला सांगून आले होते. पण कॅम्पातल्या कारखान्यात नमुना अर्धवट शिवत नाहीत. शाळा उघडायच्या आदल्या दिवशी बिल्ले आले. वर पुतळाबाई, मध्ये लोंबी, खालच्या पट्टीवर कॉन्व्हेंटची ओळ.

मी रिक्षा करून कारखान्यात गेले. मालक लछमनशेठ शांतपणे म्हणाले, “मॅडम, सँपल में जो था, वही बनाया. एक टाँका कम नहीं.”

भोईरांचं म्हणणं तर आणखी संतापजनक. “लॅटिनच हाय ना? कोन वाचतो?”

“मी वाचते! दुसऱ्याची ओळ पोरांच्या छातीवर लावून मी उद्या फाटकात उभी राहणार नाही.”

“आनि बिल्ला नाय म्हनून पालक परत गेले तं?”

ते बिल्ल्यांची पिशवी उचलून निघून गेले.

सकाळी पाहते तर प्रत्येक खिशावर बिल्ला होता, पण खालून कापलेला. सखूने पट्टी कापून कड दुमडून शिवली होती. एका बापाने लगेच विचारलं, “लॅटिन कुठाय?” दोघा-तिघांनी पोरांचे हात धरले आणि फाटकाकडे वळले.

भोईर पायरीवर चढले. “लॅटिन लिवायची नसते. पाठ करायची असते,” असं ठोकून देऊन त्यांनी आईची ती ओळ मोठ्याने म्हटली. उच्चार भयंकर होते. पोरांनी त्यांच्यामागून म्हटली, त्याहून भयंकर. मी कपाळावर हात मारला. पण वळलेले बाप थांबले, आणि एक सोडून सगळ्यांनी त्याच सकाळी फी भरली.

शाळा आता सातवीपर्यंत आहे. मुख्याध्यापिका त्यांची सून आहे. भोईर अजून मोरिवलीतच राहतात आणि रोज सकाळी प्रार्थनेला सगळ्यांत पुढे उभे राहून ती ओळ म्हणतात.