दर्याची ओटी

समुद्राची ओटी भरायची असते की नाही, यावर आमच्या घरात दिवाळीत वाद झाला. सासूबाईंचं म्हणणं होतं, पहिल्यांदा दर्या बघायला चाललात, नातीला सातवा लागलाय, तर हिरवी साडी, खण, नारळ घेऊन जा आणि ओटी भरून या. नात म्हणजे माझी लेक. आमच्या नांदेडच्या बाजूला गोदावरीला गंगाच म्हणतात आणि गंगेची ओटी भरणं यात कुणाला काही नवल वाटत नाही. पण माझी थोरली जाऊ अडून बसली.

"दर्या बाप्या असतोय. बाप्याची वटी भरत्यात व्हय?"

सगळे हसले. सासूबाई चिडल्या. मग जावेनंच तोड काढली. "समद्या गंगा शेवटी त्याच्यातच जात्यात न्हवं? मंग त्यांची भरू." एवढं म्हणून ती करंज्या तळायला गेली. मी एम.ए. केलंय, वीस वर्षं लातूरला ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवते, पण इतकं सरळ मला कधी सुचत नाही.

ही जाऊ म्हणजे आक्का. ती आणि थोरले दीर उमरीजवळच्या गावात राहतात. शेती आहे, उमरीत बी-बियाणं-खताचं दुकान आहे. एका कंपनीची स्कीम होती, ठरलेला माल विकणाऱ्या दुकानदारांना जोडीनं क्रूझची सहल. दिरांनी ती मिळवली. माझा नवरा लातूरला डॉक्टर. त्याला भावाचं भारी कौतुक. "दादा चाललाय तर आपणही जाऊ," म्हणत त्यानं त्याच जहाजाची, त्याच तारखांची तिकिटं काढली आणि सोबत दोन डॉक्टर मित्रांची कुटुंबं गोळा केली. त्यानं हे प्रेमानं केलं. मी म्हटलं, चालेल, पण खोली बाल्कनीचीच हवी.

जहाजावर कुणी कुणाला लहान-मोठं म्हणत नाही. तिथं ते काम दारं करतात. गळ्यात एक कार्ड असतं, ते दाराला लावायचं. आमच्या कार्डानं बहुतेक सगळी दारं उघडायची, दुकानदारांच्या कार्डानं मोजकीच. आमचं जेवण टेबलावर बसल्या जागी यायचं, त्यांनी ताटं घेऊन रांगेत उभं राहायचं. नांदेड, निलंगा, आमच्या लातूरजवळचं मुरुड, कुठकुठले दुकानदार आणि त्यांच्या बायका, सहलवाल्यांनी सगळ्यांना एकसारख्या पिवळ्या टोप्या दिल्या होत्या. हरवू नयेत म्हणून मेंढरांना रंग लावतात तशा.

पहिल्या दिवशी दुपारी या बायका उघड्या डेकवर गोल करून खाली बसल्या आणि आत वीस पदार्थ मांडलेले असताना डब्यांतून धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी काढून खायला लागल्या. आक्का मध्यभागी. मी वरच्या मजल्यावरून बघत होते. शेजारी आमच्यातल्या एका डॉक्टरची बायको, माझी मैत्रीण, उभी होती. ती म्हणाली, "बघ, तुझं गाव आलं."

"गाव नवऱ्याचं," मी म्हटलं. "मी लातूरची. आणि यांना क्रूझ काय अन् बाजारची बैलगाडी काय, सारखंच."

ती खूप हसली. तिला हसवल्याचं मला बरं वाटलं. तेवढ्यात आक्कानं वर पाहिलं आणि धपाटा हलवून मला खाली बोलावलं. मी हातानंच 'पोट भरलंय' अशी खूण केली.

संध्याकाळी ती आमच्या खोलीत आली. बाल्कनीत गेली, कठडा धरून कितीतरी वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "आमच्या खोलीत बी पडदा हाय. म्या हौसेनं सारला, तर मागं निस्ता पत्रा." आणि स्वतःच खळखळून हसली. तिला कशाचाच राग नव्हता. खोलीचा नाही, रांगेचा नाही, टोपीचाही नाही. ती एकाच गोष्टीसाठी आली होती, आणि मुंबईच्या गाडीत बसल्यापासून तेच सांगत होती. तिसऱ्या दिवशी जहाज एका बेटापाशी थांबणार होतं, तिथं लहान बोटींतून किनाऱ्यावर नेणार होते. "टीव्हीवर बाया उभ्या राहत्यात बघ पाण्यात. लाट माघारी जाती तवा पायाखालची वाळू सरकती म्हनं. ते कसं वाटतंय तेवढं बघायचंय मला. बाकी काई नको."

पन्नाशी उलटलेल्या बाईला एवढंच हवं होतं.

ओटीचं सामान माझ्या बॅगेत होतं. माझ्याच बाल्कनीतून टाकलं असतं तर दोन मिनिटांचं काम. पण दोन्ही बाजूंच्या बाल्कन्या मित्रमंडळींच्या. इंग्रजीच्या बाईंनी पदर खोचून समुद्राला हळदकुंकू वाहिलेलं त्यांनी पाहिलं असतं, तर लातूरला परतल्यावर वर्षभर तोंडी लावायला तेच पुरलं असतं. मी पिशवी आक्काच्या हातात दिली. म्हटलं, उद्या उजाडताना वरच्या डेकवर कुणी नसतं, तुम्हीच टाका.

"तू बी चल की. लेक तुजी हाय."

"माझं डोकं धरलंय, आक्का."

"मंग पड तू. म्या करते समदं बराबर."

केलंच तिनं सगळं बरोबर. सकाळी मी बाल्कनीत चहा पीत होते, तेव्हा वरून काहीतरी हिरवं आलं. साडीची घडी वाऱ्यानं उलगडली होती, पदर फुगला होता, नारळामुळे एक टोक जड होऊन खाली ओढलं जात होतं. ती माझ्यासमोरून गेली आणि पुढच्याच क्षणी शेजारच्या बाल्कनीतून आमच्या त्या मैत्रिणीची किंकाळी आली. "बाई पडली! कुणीतरी उडी मारली!"

भोंगे वाजले. जहाज मंदावलं, मग वळलं. सगळ्यांना जमायला सांगितलं, कार्डं तपासून माणसं मोजायला सुरुवात झाली. पाण्यात बोट उतरवली. लोक रडत होते, आपापली माणसं हुडकत होते. मैत्रीण थरथरत माझ्या खांद्यावर डोकं टेकून बसली होती आणि मी तिची पाठ थोपटत होते. ती बाई नाही, साडी आहे, हे त्या हजारो माणसांत मला एकटीला माहीत होतं. आक्काला ठाऊक नव्हतं. तिला वाटत होतं खरंच कुणीतरी पडलंय, आणि ती पिवळ्या टोप्यांच्या घोळक्यात हात जोडून उभी होती. मी एक शब्द बोलले असते तर बोट माघारी आली असती. तास-दीड तास मी पाठ थोपटत राहिले.

शेवटी कॅमेऱ्यात आक्का साडी टाकताना दिसली. सहलवाल्यांचा माणूस मला शोधत आला. आक्कानंच त्याला पाठवलं होतं. म्हणाली होती, माझी जाऊ इंग्रजीची प्राध्यापक हाय, तिला आना, ती समदं सांगंल.

मी गेले. मैत्रीणही मागोमाग आली आणि काचेच्या दाराबाहेर थांबली. आत टेबलामागं एक गोरा अधिकारी, बाजूला दीर टोपी काढून उभे, आणि खुर्चीत आक्का. मला पाहिल्याबरोबर तिचा चेहरा सैल झाला. दवाखान्यात ओळखीचा डॉक्टर दिसावा तसा.

अधिकारी ओरडला नाही. त्यानं शांतपणे विचारलं, हे या बाईंनी टाकलं का, का टाकलं, कुणाच्या सांगण्यावरून टाकलं. मी मराठीत सांगितलं. आक्का त्याच्याकडे बघून, एकेक शब्द सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं बोलायला लागली.

"म्या टाकलं. खोटं कशाला बोलू? हिच्या लेकीसाटी टाकलं. सामान सासूनं धाडलं व्हतं, पिशवी हिनं दिली. वर जाऊन टाका म्हनली. हिला समदं ठाव हाय. मानसं घाबरतील असं आमच्या ध्यानात आलं न्हाई. दोघी बी माफी मागतो म्हनावं."

दोघी. तिनं त्या 'दोघीं'त मला बसवून टाकलं होतं, विचारायची गरजही न वाटता.

मी काचेतून बाहेर पाहिलं. मैत्रीण बघत होती. मी आक्काकडे बोट करून अधिकाऱ्याला इंग्रजीत सांगितलं, या बाई कबूल करतात. ही त्यांच्याकडची चाल आहे. त्या शिकलेल्या नाहीत, त्यांना नियम कळत नाहीत.

त्यानं विचारलं, तुम्ही यांच्यासोबत प्रवास करता आहात का?

मी म्हटलं, नाही.

हे खोटं नव्हतं. तिकिटं वेगळी होती, खोल्या वेगळ्या होत्या, कार्डंसुद्धा वेगळी. आयुष्यभर मुलांना बिनचूक वाक्यं लिहायला शिकवणाऱ्या बाईनं इतकं बिनचूक वाक्य दुसरं कधी बोललेलं नाही. त्यानं आभार मानले. म्हणाला, तुमचं इंग्रजी छान आहे.

शिक्षा साधीच होती. नवरा-बायको दोघांचीही कार्डं जमा, बेटावर उतरायचं नाही, परत मुंबई येईपर्यंत जहाजावरच राहायचं. मी ती मराठीत सांगितली. आक्कानं गळ्यातलं कार्ड काढून टेबलावर ठेवलं. मग हळूच म्हणाली, "तुला बी उतरू देनार न्हाईत का गं? माज्यापायी तुजं बी वाटोळं झालं."

मी म्हटलं, "बघू."

संध्याकाळी मी नवऱ्याला सगळं सांगितलं नाही, निम्मं सांगितलं. तो अधिकाऱ्याकडे जाऊन रदबदली करतो म्हणाला. मी म्हटलं, आता आणखी तमाशा नको. दिरांना त्यांच्या सोबतचे दुकानदार रात्रीपर्यंत टोचत होते, बायकोला दोरीनं बांधून ठेवा म्हणत होते. आमच्या टेबलावर तर दुसरा विषयच नव्हता. मैत्रिणीनं साडी कशी पडली ते हातवारे करून तीनदा दाखवलं. तिसऱ्यांदा मी तिला दुरुस्त केलं, पदर शेवटी आला होता, म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी बेटावर गेले. केशरी जाकीट घालून बोटीत बसले तेव्हा वर कठड्याशी आक्का उभी होती. तिनं हात हलवला नाही. मी मोबाइलमध्ये बघत बसले. किनाऱ्यावर उतरले, चपला हातात घेतल्या, पाण्यात उभी राहिले. लाट आली, माघारी गेली, टाचांखालची वाळू सरकली. अंगावर काटा येण्याइतकं छान वाटलं. मैत्रिणीनं फोटो काढला आणि मी तो घरच्या ग्रुपवर टाकला. का टाकला, ते मला आजही सांगता येणार नाही. सवय, म्हणू या.

परतीच्या गाडीत आक्का खिडकीशी बसून राहिली. मला धपाटा दिला, पाणी दिलं. बोलली मात्र दिरांशीच.

लेक सुखरूप बाळंत झाली. मुलगा झाला. बाळ दोन महिन्यांचं झाल्यावर आम्ही त्याला पणजीला दाखवायला गावी घेऊन गेलो. सासूबाईंनी बाळाला मांडीवर घेतलं आणि मला म्हणाल्या, "दर्यानं तुजी वटी घेतली बघ." आक्का तिथंच होती. म्हणाली, "हाव, घेतली की. लई मनापासून भरली व्हती यांनी."

यांनी. तोवर मी तिच्या तोंडी 'हिनं' होते.

जेवायची वेळ झाली तशी मी नेहमीप्रमाणे स्वयंपाकघरात जायला निघाले. लग्न होऊन आल्यापासून मी त्या घरात कधी बाहेर जेवले नाही. पुरुषांची पंगत उठली की आम्ही दोघी चुलीपुढं एकाच परातीत जेवायचो, तिच्या हातची भाकरी मी तव्यावरून उचलायची. उंबऱ्यावर आक्कानं हात आडवा केला.

"तुमी कशाला आत? धूर लागंल. बैठकीत बसा."

बैठकीत तिनं माझ्यासाठी खुर्ची मांडली होती. पुढं टेबल, त्यावर धुतलेलं कापड, काचेचा ग्लास. तहसीलदार आला की मांडतात तसं. आतून लेकीचा, तिच्या चुलत बहिणींचा, सगळ्यांचा हसण्याचा आवाज येत होता. बाहेर मी एकटी. आक्का ताट घेऊन आली तेव्हा मी तिचा हात धरला.

"आक्का, त्या दिवशी मी चुकले. मी त्याला सांगायला हवं होतं."

तिनं हात सोडवून घेतला, झटकला नाही. भाजीची वाटी सरळ केली.

"मला इंग्रजी येत न्हाई," ती म्हणाली. "पर त्यानं इचारल्यावर तुमी बोट माज्याकडं केलं, आन् सवताकडं एकदा बी केलं न्हाई. तेवढं बघाया साळा कशाला लागतीय?"

मी काही बोलणार, तेवढ्यात तिनं भाकरीवर तुपाची धार सोडली. मी पुरे म्हटलं, तरी सोडतच राहिली.

"खावा," ती म्हणाली. "आमच्यात पाव्हण्याला कमी वाढत न्हाईत."

आणि ती आत गेली, चुलीपुढं, आपल्या माणसांत.