घटनास्थळ परदेशात, तारीख धाराशिवला

माझा भाचा परदेशी गेला तेव्हा भूमच्या बाजारात भेटेल त्या बाईला मी सांगत सुटले होते, "आमचा पोरगा कंपनीत लागला बरं का." कसली कंपनी, काय काम, ते मला तरी कुठं माहीत होतं? आमच्याकडं गाव सोडून कामाला गेलेला माणूस 'कंपनीत' असतो. मग तो पुण्यात बोल्ट आवळो, नाहीतर समुद्रापलीकडं कंप्युटरपुढं बसो.

पुढं कळलं ते निराळंच. तिथं त्याचा पासपोर्ट काढून घेतला, एका इमारतीत कोंडलं आणि फोनवरून लोकांना फसवायचं काम लावलं. नाही म्हटलं की मार, विजेचा झटका. आणि मारणारा कोण? नळदुर्गच्या ढाब्यावर चहा पाजून, गोड बोलून ज्यानं नेलं तोच, आपल्याच जिल्ह्यातला एजंट. तिथं तो या पोरांवर मुकादम होता. माझ्या भावजयीनं दागिने मोडून पैसे पाठवले, तेव्हा भाचा सुटून आला.

काही महिन्यांनी तो एजंट चुलतभावाच्या लग्नाला गावी आला. मी भाच्याला घेऊन पोलिसांकडं गेले. तिथले हवालदार म्हणाले, "मावशी, मार खाल्ला तिकडं अन् तक्रार इकडं? आमची हद्द त्या पुलापाशी संपती. तुमी तर समुद्रापार निघालाव."

मी म्हणाले, "मारणारा तर तुमच्याच हद्दीत वरातीत नाचतोय की! त्याला इचारा, कुठल्या हद्दीतनं आला."

हवालदारांना हसू आलं, पण त्यांनी मोठ्या साहेबांना बोलावलं, आणि तक्रार घेतली गेली.

घरी आल्यावरही ती हद्द डोक्यातनं जाईना. गावाची शीव मला ठाऊक आहे, तिथं दगड रोवलेला असतो. पण मारणाऱ्याला ती शीव आडवी आली नाही, आणि तक्रार करणाऱ्याला मात्र आली. हे कसं काय? मी सरकारी वकीलबाईंना विचारलं. वयानं लहान, पण समजावून सांगायला लई चांगल्या.

"मावशी, माणसाला गुलाम करणं हा साऱ्या जगाविरुद्धचा गुन्हा आहे. पण साऱ्या जगाचं कोर्ट प्रत्येकासाठी कुठं बसणार? ते काम आपापल्या देशातल्या कोर्टांनीच करायचं. भारतातल्या माणसानं बाहेर जाऊन गुन्हा केला, तरी त्याला इथं उभं करता येतं. तिथं घडलेल्या गोष्टीवर खटला चालवायला दिल्लीची मंजुरी तेवढी लागते."

मंजुरी आली, पण भाचा साक्षीला तयार होईना. बाकीची पोरं परराज्यातली, त्यांच्यातलं कुणी यायला राजी नव्हतं. यानं तोंड उघडलं नसतं तर एजंट सुटला असता आणि पुढच्या पोरांना घेऊन गेला असता. मी म्हणायचे, "बोल की रं, तू काय चोरी केलीस?" तो उठून शेळ्यांकडं निघून जायचा.

शेवटी एकदाचा उभा राहिला पिंजऱ्यात. एजंटचे वकील अगदी मायेनं विचारायला लागले.

"कामाला कधी बसायचा?"

"सकाळीच ड्युटी लागायची, साहेब."

"जेवण?"

"कंपनीतच."

"पगार ठरला होता?"

"व्हय."

वकील न्यायाधीशांकडं वळले. "साक्षीदार स्वतःच म्हणतोय. कंपनी, ड्युटी, पगार. ही नोकरी होती, साहेब. झेपली नाही, पळून आला."

भाचा खाली बघतच म्हणाला, "आमच्याकडं बाहेरच्या कामाला कंपनीच म्हणत्यात साहेब, जीभ तशीच वळती. पण दाराला कुलूप बाहेरनं होतं. घरच्यांनी पैसे भरले तवा सोडलं. अशा जागेला आमच्या गावात कंपनी न्हाय म्हणत. कोंडवाडा म्हणत्यात."

मोकाट गुरं पंचायत धरून नेते आणि दंड भरल्याशिवाय सोडत नाही, तो कोंडवाडा. लिहून घेणारी बाई थबकली. न्यायाधीश म्हणाले, "कोंडवाडा. त्याचाच शब्द घ्या."

वकील चिडले. "कोंडवाड्यातलं जनावर लोकांना फोन करून लुटतं का? तू लुटलंस ना?"

"लुटलं." तो आता एजंटकडं बघत होता. "एक म्हातारी मराठी बोलायची. आवाज अगदी माझ्या आत्यासारखा. मी फोन ठिवून दिला. तवा ह्यानं मला झटके दिले. दुसऱ्या दिवशी मागं उभं राहून तोच नंबर पुन्हा लावाय लावला. मी लावला. तिनं पैसे पाठवले."

शेळ्यांकडं तो का जायचा, ते मला कोर्टातल्या बाकावर बसल्या बसल्या कळलं.

बाहेर लिंबाखाली तो माझ्याकडं पाठ करून उभा राहिला. "आत्या, तुमी एसटीनं जावा. मी येतो मागनं."

"मी बसते हितंच," म्हणाले आणि पारावर बूड टेकलं. तू फसलास, तुझा काय दोष, असं म्हणता आलं असतं. पण ती म्हातारी माझ्याच वयाची असणार, आणि फसल्याचं तिनं कुणाला तरी सांगितलं असेल, नाहीतर लाजेनं कुणालाच सांगितलं नसेल.

तेवढ्यात वकीलबाई पुढची तारीख सांगायला आल्या. "चांगलं बोललास. आता तुझं काम संपलं."

"न्हाय संपलं ताई," भाचा म्हणाला. "ती म्हातारी सापडंल का? तिला लुटल्याचा गुन्हा तर हितंच घडलाय, तिच्या घरात. तिला पन कोर्टात बोलू द्या. मला शिव्या देईना का."

वकीलबाई माझ्या शेजारी पारावर बसल्या. "काय काय आठवतंय, सांग."

"सोलापूरकडची बोली होती," तो म्हणाला. "फोनवर मागं गिरणीचा आवाज यायचा. मला बाळा म्हणायची."