मामांच्या नायिकेचं नाव

एका कादंबरीपायी अख्खा जिल्हा पालथा घालणारा माणूस कोल्हापुरात एकच आहे, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. मामा कंडक्टर होते. निवृत्त झाल्यावर लोक देवदर्शनाला निघतात, मामांनी दोनशे पानी वही आणली. आता मुकाट्यानं लिहायला बसावं की नाही? पण मामांचा नियम कडक. गोष्ट ज्या गावात घडते त्या गावात उभं राहून पात्राच्या नावानं एकदाच हाक मारायची. कुणी ओ दिली, तर ते नाव नापास. "उद्या पुस्तक आलं की त्योच माणूस काठी घिऊन दारात यील, जावयबापू," हे त्यांचं कारण. त्यात आवाज असा, की भरलेल्या गाडीत मागच्या सीटवरचा माणूसही दचकून उठायचा. त्यामुळे वही जवळजवळ कोरीच राहायची आणि मोटारसायकल माझी झिजायची.

खलनायकासाठी आम्ही कागलच्या स्टँडवर गेलो. मामांनी "रंगराव!" असा पुकारा करताच तिघांनी ओ दिली. त्यातला एक जवळ येऊन म्हणाला, "काय काम हाय, पावणं?" थाप मारणं मामांच्या स्वभावातच नाही. "काम न्हाय काय. तुम्हाला खलनायक करायचा हुता." मी गाडीला किक मारायच्या बेतात होतो, पण रंगरावांनी आम्हाला धरून चहाला नेलं आणि "करा की! फकस्त मिशी मोठी दावा," अशी अट घातली. मामांनी तरीही नाव खोडलं. चहा पाजणाऱ्याला खलनायक कसा करणार, म्हणाले. जागांचंही तेच. खुनाच्या प्रसंगासाठी गडमुडशिंगीतल्या एका उसात ते तासभर बसून राहिले, तेव्हा मालक धावत आला. "ऊस मोडाय आलाय व्हय?" "न्हाय वो, खून कुठं बसतोय ते बघतोय." मालकानं जरा विचार केला. "मग पल्याडच्या बांधाला करा की. हितं मला पाणी सोडायचं हाय."

खरं घोडं अडलं होतं नायिकेपाशी. नायिका हुपरीची, घरात बसून पैंजणांना घुंगरं जोडणारी. म्हणजे लग्नाआधीच्या मामीच, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं. पण वहीत ती चार वर्षं नुसती 'ती'. "माझंच नाव घाला की," मामी म्हणायच्या. शेवटी मामांनी एकदा हुपरीला न जाता घरच्या सोप्यातूनच हाक मारली, "सुगंधा!" स्वयंपाकघरातून लगेच "ओ" आली. "नापास!" मामा खूश होऊन ओरडले, आणि मामी लाटणं घेऊन बाहेर आल्या. किती हसलो होतो आम्ही!

मामींना जाऊन आता वर्ष झालं. वही कपाटात गेली ती गेलीच. परवा अचानक मामांचा फोन, "जावयबापू, हुपरीला जाऊया." मामींच्या माहेरच्या गल्लीत त्यांनी गाडी थांबवायला लावली, टोपी सारखी केली आणि हाक मारली, "सुगंधा!" दोन-चार जणांनी मान वर करून बघितलं. ओ कुणीच दिली नाही. आत कुठंतरी हातोडीची टकटक चालली होती, ती चालूच राहिली.

"पास झालं, मामा," मी हळूच म्हणालो.

मामांनी मान हलवली. नियमाप्रमाणं हाक एकदाच मारायची असते. मामांनी आणखी एकदा मारली.