एक वीत डावीकडे

दादाची रायफल एक वीत डावीकडे मारायची. उजवीकडे कधी नाही, वर नाही, खाली नाही. मी त्याला म्हटलं होतं, नाचता येईना अंगण वाकडं. त्यावर तो माझ्याशी जेवण होईपर्यंत बोलला नाही. माझी जीभ अशीच आहे, आणि माझ्या भावाला हे लहानपणापासून माहीत आहे.

वणीच्या अलीकडे आमचा मळा आहे. मी शहरात इंदिरानगरला राहते आणि शनिवारी दुपारची एसटी धरून मळ्यावर जाते. तिथे दादा, वहिनी आणि आप्पा, म्हणजे आमचे वडील. पीक राखायच्या बंदुकीचा परवाना आधी आप्पांच्या नावावर होता. त्यांना वार आठवेनात, सण आठवेनात, तेव्हा दादाने तो आपल्या नावावर करून घेतला. आप्पांची जुनी ठासणीची बंदूक जमा केली आणि सरकारी कारखान्यातली साधी रायफल आणली. एक गोळी मारायची, खटका ओढायचा, दुसरी भरायची. लाकडी दस्ता, लोखंडी नळी, बाकी काही नखरा नाही. मोबाइलवर तो परदेशातल्या रायफली बघत बसायचा आणि सुस्कारे टाकायचा. आपल्या ऐपतीत बसणारी ही एकच, म्हणायचा.

कारण होतं रानडुकरांचं. उशिराच्या मक्यात ती शिरायची आणि एका फेरीत पाच-सहा सऱ्या आडव्या करून जायची. दादाने वनखात्याचा कागद रीतसर काढला होता. पण त्याने गोळी झाडली की ती शेजारच्या मक्याच्या ताटात जायची आणि डुक्कर आरामात निघून जायचं.

मला डुकरांची काळजी नव्हती. आप्पा फटफटायच्या आत उठायचे आणि मक्यात फिरायला जायचे. अंगावर काळी घोंगडी, पाठीत वाकलेले, कधी मध्येच खाली बसून ढेकळं चाचपणार. आणि दिवाळीच्या सुमाराला आमच्याकडे धुई पडते. अशी दाट की ओट्यावरून समोरचा आंबा दिसत नाही, नुसती पानं टिपकताना ऐकू येतात. त्या धुईत मक्यात काळं काही हललं की ते डुक्कर की आप्पा, ते कळायचं नाही.

"दादा, एक दिवस तू आप्पांनाच मारशील," मी तोंडावर सांगितलं.

"मी काय आंधळा हाय का?"

"धुईत सगळेच आंधळे."

"आधी ते अंथरुणात हायेत का ते बघतो, मगच बंदूक काढतो. मला अक्कल नको शिकवू."

दिवाळीतल्या रविवारी आम्ही दोघं रायफल घेऊन मळ्यामागच्या बंद पडलेल्या खाणीत गेलो. द्राक्षाचा रिकामा खोका दगडाला टेकवला, त्यावर कोळशाने वाटीएवढा गोल काढला. युरियाच्या गोणीत माती भरून तिच्यावर रायफल टेकवली, म्हणजे हाताचा दोष नको. दादाने तीन गोळ्या झाडल्या, प्रत्येक वेळी नळी निवू देऊन. खोक्यापाशी जाऊन पाहिलं तर तिन्ही भोकं माझ्या तळहाताखाली झाकली गेली. पण गोलाच्या एक वीत डावीकडे.

"ही खोटी नाही," मी म्हटलं. "खोटी असती तर चहूकडे उधळली असती. हिला कुणीतरी ढकलतंय."

दादाने वर्तमानपत्राची पट्टी फाडली आणि नळी नि लाकूड यांच्या मधल्या फटीतून सरकवली. नळी मोकळी असली तर पट्टी शेवटपर्यंत जाते, हे त्याने मोबाइलवर पाहिलं होतं. पट्टी अर्ध्यात अडकली. ओढून काढली तर तिची कड लाल आणि ओली होती. दादाने ती बोटावर चोळून पाहिली, रक्त नव्हतं.

घरी येऊन त्याने खालचे दोन स्क्रू काढले आणि नळी वर उचलली. लाकडाच्या खाचेत कुंकू होतं. पाण्यात कालवलेलं, उजव्या बाजूला दाबून बसवलेलं. खालचे थर वाळून खपली झाले होते, वरचा ओला होता. उजवीकडून हे दाबतं म्हणून नळीचं तोंड डावीकडे जातं, एवढं माझ्याही डोक्यात शिरलं.

वहिनीवर आळ आलाच. खंडेनवमीला आमच्याकडे खुरपी, विळे, फवारणीचा पंप, ट्रॅक्टर, सगळ्यांची पूजा होते, तशी रायफलचीही होते.

"मी वरून टिकली लावली आणि झेंडूचं फूल ठेवलं," वहिनी म्हणाली. "आन् खंडेनवमीला महिना होत आला. महिन्याचं कुंकू ओलं राहतं व्हय? तुमची अक्कल कुठं गेली चरायला?"

दादाने खाच खरवडून स्वच्छ केली. दुसऱ्या दिवशी गोळी गोलात गेली म्हणून त्याने मला फोन केला. आणि पुढच्या शनिवारी मी पोचले तर पुन्हा एक वीत डावीकडे.

रविवारी पहाटे मला जाग आली ती देवघरातल्या उजेडाने. आप्पा आंघोळ करून पाटावर बसले होते. धोतर नेसलेलं, कपाळाला गंध. रायफलच्या कपाटाची किल्ली देवांच्या फोटोमागच्या खिळ्याला असते, ती त्यांनी काढली होती. समोर रायफल आडवी, बाजूला वहिनीचा कुंकवाचा करंडा. बोटभर ओलं कुंकू घेऊन ते फटीत भरत होते, हळूहळू, बाळाच्या तोंडात घास द्यावा तसं.

"आप्पा, काय करताय?"

"पूजा. आज खंडेनवमी ना."

त्यांच्यासाठी रोजच खंडेनवमी होती. मला रडू आलं. मग माझं लक्ष त्यांच्या बोटाकडे गेलं. ते एकाच बाजूला भरत होतं.

"या एकाच बाजूला का, आप्पा?"

"या बाजूला मी असतो," ते म्हणाले. अगदी सरळ, शहाण्या आवाजात, पूर्वी हिशेबाचं बोलायचे तसे. "तिला सांगावं लागतं."

त्यांनी रायफलवर हात फिरवला. मी दादाला उठवून सगळं सांगितलं. तो हसला, पण त्याला ते हसू जमलं नाही. म्हणाला, म्हाताऱ्या माणसाचं काय ऐकते. त्याने रायफल पुन्हा उघडली, साफ केली, खाच कोरड्या फडक्याने पुसली आणि कपाटाची किल्ली स्वतःच्या गळ्यात बांधली.

त्यानंतरच्या शनिवारी संध्याकाळी आम्ही परत खाणीत गेलो. तिन्ही गोळ्या कोळशाच्या गोलात. दादा पोरासारखा खूश झाला. मला मात्र ते गोलातलं भोक बघवेना. मी म्हटलं, दादा, ही वाकडी होती तेव्हाच बरी होती. तो म्हणाला, तू वेडी हाय.

दुसऱ्या दिवशी उजाडलं तेव्हा धुईने मळा गिळला होता. मी ओट्यावर चहा घेऊन उभी होते. मक्यात ताटं मोडल्याचा आवाज आला. दादा आत गेला, आप्पांच्या खोलीत डोकावला आणि रायफल घेऊन बाहेर आला.

"झोपलेत," तो पुटपुटला. "डोक्यावरून गोधडी घेतलीय."

ताटांच्या मधे काळं, ठेंगणं काहीतरी हललं. दादा खांबाला रेलला. मी बोलायला तोंड उघडलं आणि गोळी सुटली.

काळ्याच्या डावीकडचं मक्याचं ताट मधोमध तुटून खाली पडलं. मग ते काळं हळूहळू उभं राहिलं. घोंगडीतून आप्पांचं तोंड बाहेर आलं आणि ते म्हणाले, "कोण हाय रे तिकडं?"

दादाने रायफल ओट्यावर आडवी ठेवली. मी चहाचा कप कुठे टाकला ते मला आठवत नाही, मी मक्यात धावले. आप्पांना खरचटलंही नव्हतं. ते तुटलेलं ताट हातात धरून पाहत होते. त्यांच्या अंथरुणात दोन उशा होत्या, वर गोधडी. त्या तशा कुणी लावल्या, का आप्पांनीच उठताना गोधडी ओढली, ते आम्हाला कळलं नाही.

दुपारी दादाने रायफल उघडली. खाचेत काही नव्हतं. कागदाची पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकली आणि कोरीच्या कोरी बाहेर आली. दमट हवेत लाकूड फुगलं असेल, मी म्हटलं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला. दादाने गळ्यातली किल्ली काढली आणि देवांच्या फोटोमागच्या खिळ्याला परत अडकवली. त्यानंतर आप्पा रोज पूजा करायचे, आणि वहिनी करंडा भरून ठेवायची. त्या वर्षी डुकरांनी निम्मा मका खाल्ला.

आप्पा गेल्या उन्हाळ्यात गेले, झोपेतच. तेराव्यानंतर दादाने रायफल उघडून वाळलेलं कुंकू काढलं आणि वहिनीच्या करंड्यात भरलं. मग आम्ही खाणीत गेलो. पहिली गोळी गोलाच्या मधोमध लागली. दुसरी तिथेच. तिसरी त्याने झाडलीच नाही. पुढे पावसाळ्यात लाकूड फुगून ती पुन्हा वाकडी मारेल म्हणून थांबला, धुई पडेल म्हणून थांबला. धुईतही ती सरळच मारत राहिली.

मग एका सकाळी तो रायफल घेऊन पोलीस ठाण्यात गेला. मी बरोबर होते. हवालदाराने खटका मागेपुढे करून पाहिला, नळीतून डोकावला आणि विचारलं, काय खराबी आहे.

"काही नाय," दादा म्हणाला. "एकदम सरळ मारते."

"मग जमा कशाला करताय?"

दादाने खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं.

"आता तिला सांगणारं कुणी नाय," तो म्हणाला.