एक्केचाळीस भाग

कौशल्याची परमावधी अदृश्य होण्यात असते, असे वचन विद्वत्सभांतून वारंवार कानी पडते. ते उच्चारणारे मात्र बहुधा व्यासपीठाच्या मध्यभागी बसलेले असतात. खरोखरीचे अदृश्यत्व ज्यांच्या वाट्याला येते, त्यांच्यापाशी त्याविषयी बोलायला शब्द नसतात. असलाच तर एखादा, आणि तो नको त्या घटकेला तोंडातून निसटतो. अर्धसूत मिस्त्री अशांपैकी होते.

सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा. कोणतीही वस्तू हाती आली की मिस्त्री ती बोटांत फिरवून म्हणत, "अर्धं सूत जास्त आहे." त्यावरून हे नाव पडले. दुकानांच्या रांगेमागे पत्र्याच्या खोलीत त्यांचे लेथ होते. धातू कातायच्या त्या यंत्रावरच एकतीस वर्षे त्यांनी एका दंतवैद्यांची गाडी सांभाळली. गाडी डॉक्टरांना सासऱ्यांकडून आलेली; दोन दारांची, उघड्या टपाची. ती घडवणारी कंपनी केव्हाच बुडाली होती, आणि सुटा भाग मिळणे म्हणजे उंबराचे फूल. म्हणून जे झिजे ते मिस्त्री स्वहस्ते घडवीत आणि जुन्याशेजारी ठेवून पाहत. दोहोंतला नवा कोणता हे डॉक्टरांना ओळखता आले, तर तो भाग पुन्हा वितळवीत.

पुढे एका मोठ्या प्रदर्शनाचे निमंत्रण आले. अट एकच: संग्राह्य गाड्यांसाठी असतो तो विमा हवा. त्यात गाडीचे मूल्य आधीच ठरवून घेतात, आणि मूळचे भाग किती शाबूत आहेत यावर ते ठरते. विमा कंपनीने मूल्यमापक बाई पाठवल्या.

पत्र्यात कुठे भर घातली आहे का ते पाहायला बाईंनी फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक त्यावरून फिरवले, दांडीच्या टोकाला बसवलेला छोटा आरसा गाडीखाली घातला.

"हा आरसा आमच्या धंद्यातला," डॉक्टर म्हणाले.

"तुमचं गिऱ्हाईक ओरडतं, माझं नाही," बाई म्हणाल्या. मग दाराची मूठ दाबून पाहिली. "काय शाबूत आहे. कंपनीची माणसं काम जाणत होती."

मिस्त्री कोपऱ्यात उभे होते. वेगमापकाभोवतीच्या कड्यापाशी बाईंनी तीच स्तुती केली. शेवटी त्या पेट्रोलच्या टाकीच्या झाकणावर वाकल्या. त्यावर कंपनीचा पक्षी कोरलेला होता. बाईंनी भिंगातून त्याची पिसे मोजली. "नऊच्या नऊ. असे हात आता कुठे राहिलेत?"

"ते माझं आहे," मिस्त्री म्हणाले.

"म्हणजे, काका?"

"झाकण. मी केलंय."

"आणखी काय काय केलंय?"

डॉक्टर खाकरले. मिस्त्रींनी ते ऐकले नाही, किंवा ऐकूनही सोडून दिले. त्यांनी एक्केचाळीस भाग क्रमाने सांगितले, कोणता कोणत्या वर्षी घडवला त्यासह, एखाद्या वैदिकाने संथा म्हणावी तसे. बाई लिहीत राहिल्या.

"पावत्या आहेत?"

पावत्या नव्हत्या. डॉक्टर हातावर पैसे ठेवीत, कागद कधी झालाच नाही.

अहवाल आला. मूल्य चतुर्थांशावर उतरले होते, आणि संग्राह्य गाडीचा विमा नाकारला होता. निमंत्रण परत गेले. डॉक्टर अहवाल घेऊन पत्र्याच्या खोलीत आले.

"मिस्त्री, तुम्हाला कुणी विचारलं होतं?"

"बाईंनी."

"त्यांनी झाकण विचारलं. तुम्ही गाडी सोलून हातात दिलीत."

"डॉक्टरसाहेब, तुम्ही बसवलेल्या दातांनी माणसं जेवतातच की. ते काय मूळचे असतात?"

"दातांचं कुणी प्रदर्शन मांडत नाही," डॉक्टर म्हणाले आणि खुंटीवरची गाडीची किल्ली काढून घेऊन गेले. त्यांच्या ओळखीने येणारी इतर गिऱ्हाइकेही महिन्याभरात तुटली.

बायकोने ताट वाढता वाढता विचारले, "तोंड मिटून बसला असतात तर दात दुखले असते का? एवढा खरेपणा कुठून आला एकदम?"

"खऱ्याखोट्याचं मला काय करायचंय? एकतीस वर्षं घासलं मी, आणि शाबासकी चालली होती मेलेल्या कंपनीला. ऐकवलं नाही."

"मग तुम्हाला मिळाली?"

"अहवालात लिहिलंय तिनं."

"काय?"

"प्रतिकृती, अत्युत्तम. कारागीर अज्ञात."

बायको हसली नाही. मिस्त्रींनी भाकरी मोडली, पण खाल्ली नाही. त्यानंतर ते लेथवर फाटकांच्या बिजागऱ्या आणि नळांच्या चकत्या करीत राहिले. पण 'अर्धं सूत जास्त' हे शब्द पुन्हा कोणी ऐकले नाहीत. वस्तू जशी निघे तशी देऊन टाकीत. दुसऱ्या वर्षी ते गेले. लेथ भंगारात वजनावर गेले.

डॉक्टरांनी दुसरी विमा कंपनी गाठली, तिचा मूल्यमापक आला. त्याने मुठीची, कड्याची, झाकणाची स्तुती केली; कोपऱ्यात कोणी उभे नव्हते. गाडी उत्तम चालते. मिस्त्रींचे एक्केचाळीसही भाग तिच्यात आहेत, आणि विम्याच्या दाखल्यावर ते सर्व मूळचे म्हणून नोंदलेले आहेत.